ॲप म्हणतंय वाइल्ड लेट्यूस, पण आधी पानाची पाठ बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही कळेल काय चाललंय ते. इंदुरात बिचोलीकडे तुमचं नवीन घर, शेजारचा प्लॉट रिकामा, आणि तिकडून तुमच्या कंपाउंडच्या आतही ह्या थंडीत एक रोप आलंय, आता कमरेएवढं झालंय. पानं कातरलेली, कडेला बारीक काटे, तोडलं की पांढरं दूध, वर पिवळी बारकी फुलं. फोनमधल्या ॲपनं त्याला वाइल्ड लेट्यूस म्हटलं, मग मुलानं व्हिडिओ दाखवला की ही म्हणजे नैसर्गिक अफू, दुखण्यावर एकदम जबरदस्त, आणि आईंचे गुडघे दुखतात म्हणून काढा करून बघावा का असं तुमच्या मनात आलं. शिवाय मागच्या वर्षी त्याच वाफ्यात तुम्ही सॅलडचं लेट्यूस लावलं होतं, तेच जंगली झालं का ही शंका. आणि माळ्यानं दोनदा कापूनसुद्धा परत आलं, तर काढायचं कसं.

काढा करू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं लांबणार आहे आणि मध्येच कुणी वाचायचं सोडलं तर निदान एवढं तरी डोक्यात राहावं.

आता मी कोण, तर इंदूरच्याच कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. ॲग्री केलेला आणि त्यानंतर तीसेक वर्षं नर्सरी आणि बंगल्यांच्या बागांचं मेंटेनन्स ह्यातच घालवलेला माणूस. डॉक्टर नाही, वैद्य नाही, पण तण मात्र आयुष्यभर उपटलंय. आणि ह्या तीस वर्षांत इंदुरातल्या प्लॉटवर लोकांनी मला 'वाइल्ड लेट्यूस' म्हणून जे जे दाखवलं ते जवळजवळ दर वेळेला दुसरंच काहीतरी निघालं.

ॲपचा काही दोष नाही हो. फोटो तुम्ही काढता फुलाचा, कारण फूल छान दिसतं, आणि ह्या सगळ्या खानदानाची फुलं सारखीच, पिवळी, चपटी, दातेरी पाकळ्यांची. सूर्यफुलाच्या कुळातली ही मंडळी आहेत, त्यात ज्यांना दूध येतं आणि पिवळं फूल येतं अशीच डझनभर निघतील. फुलावरून ओळखायला जाणं म्हणजे वरातीत नुसता फेटा बघून मामा ओळखण्यासारखं आहे.

आपल्याकडचं खरं वाइल्ड लेट्यूस म्हणजे लॅक्टुका सेरिओला, काटेरी लेट्यूस म्हणा. त्याची खूण एकदम पक्की आहे आणि तिला फोन लागत नाही, एक बोट पुरतं. मधल्या उंचीवरचं एक पान खोडाजवळून तोडा, उलटं करा, मधली जाड पांढरट शीर वर येईल, त्या शिरेवर बोट टेकवून टोकाकडून खोडाकडे न्या आणि मग उलटं परत आणा. काटेरी लेट्यूस असेल तर त्या शिरेवर ओळीनं काटे लागतील, जणू कुणी बारीक करवतीचं पातं चिकटवलंय. शीर गुळगुळीत असेल आणि काटे फक्त पानाच्या कडेला असतील तर ते वाइल्ड लेट्यूस नाही, विषय संपला.

आणखी एक गंमत बघायची असेल तर दुपारी उन्हात बघा. उघड्यावर वाढलेल्या काटेरी लेट्यूसची पानं देठाशी पिळवटून उभी होतात, म्हणजे पानाची कड आकाशाकडे आणि तोंडं पूर्व-पश्चिमेला. डोक्यावरचं ऊन सपाट पानावर घ्यायचं नाही, सकाळ-संध्याकाळचं घ्यायचं, असा हिशोब. म्हणून त्याला होकायंत्र झाड पण म्हणतात. सावलीत वाढलं तर हे नीट दिसत नाही, म्हणजे तुमच्या भिंतीच्या सावलीतल्या रोपावर ही परीक्षा घेऊ नका, शिरेचीच घ्या.

तुम्ही लिहिलंय की काटे 'कडेला' आहेत आणि पानं 'चमकतात'. ह्या दोन शब्दांवरून माझा अंदाज असा की तुमच्याकडे आहे ते सोंचस, इंग्रजीत ज्याला सो-थिसल म्हणतात. आपल्याकडे थंडीत गव्हात, हरभऱ्यात, बर्सीममध्ये, नाल्याच्या काठावर, पाइप गळतो तिथे, सगळीकडे येतं. त्यात दोन प्रकार नेहमी दिसतात. पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथे खाली दोन कान असतात, ते कान टोकदार असतील आणि पान मऊ असेल तर सोंचस ओलेरेसियस, कान गोल वळलेले असतील, पान चकचकीत आणि कडा टोचणाऱ्या असतील तर सोंचस ॲस्पर. तुमचं बहुतेक दुसरं. आणि कळी बघा, सोंचसची कळी खाली फुगीर, छोट्या मडक्यासारखी, लेट्यूसची कळी बारीक लांबट नळी. फुलातही फरक आहे, लेट्यूसच्या एका फुलात साधारण १२ ते २० पाकळ्या, मोजता येतात, सोंचसचं फूल गच्च, मोजायला बसलात तर चहा गार होईल. दोन्ही फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघाल तर कळ्याच दिसणार.

माळ्यानं नाव 'दुधी' सांगितलं असेल तर त्यावर जाऊ नका. आमचे माळी तोडल्यावर दूध निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दुधी म्हणतात, आणि इथेच मला खरी भीती वाटते. कारण पांढरं दूध रुईला पण येतं (इथे आकडा म्हणतात), थोराला येतं, जमिनीवर पसरणाऱ्या नायटीला पण येतं, आणि ह्यातलं रुईचं किंवा थोराचं दूध डोळ्यात गेलं तर रात्रभर दवाखान्यात बसावं लागतं. आमच्याकडे कामाला असलेल्या एका पोरानं रुई तोडून त्याच हातानं घाम पुसला होता, त्याचा डोळा दोन दिवस उघडला नव्हता. म्हणजे दूध पांढरं म्हणजे चांगलं असा काही नियम नाही.

आणि दूध पिवळं निघालं तर अजिबात हात लावू नका. तुमच्या शेजारच्या प्लॉटवर आत्ता नक्की पिवळा धोत्रा असणार, हिंदीत सत्यानाशी म्हणतात ते. निळसर पानं, त्यावर पांढऱ्या रेघा, सगळीकडे काटे, मोठं लिंबाच्या रंगाचं फूल, आणि मोडलं की हळदीसारखा रस. ह्याच्या काळ्या बिया मोहरीसारख्या दिसतात, मोहरीच्या तेलात ह्याच्या तेलाची भेसळ झाली की अंगावर सूज येते, हृदयावर ताण येतो, १९९८ मध्ये दिल्लीत ह्यानं साठाच्या वर माणसं गेली. तुम्ही मोहरी खाणार नाही की तेल काढणार नाही, तरी सांगतो, कारण 'पिवळं फूल, काटे, चीक' एवढ्या वर्णनात हा पण बसतो आणि व्हिडिओ बघून कुणीतरी हेच उकळायचं.

आता अफूचं बघू. हे आपण मालव्यात बसून बोलतोय हे विशेष, कारण खरी अफू म्हणजे काय हे इथल्या लोकांना दुसऱ्यांनी शिकवायची गरज नाही. मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्यावर खसखशीची शेती होते, नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, आणि ह्या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला. माझ्या एका मित्राच्या सासुरवाडीला मी हे जवळून बघितलंय, फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी बोंडाला चिरा देतात, रात्रभर दूध पाझरतं, सकाळी ते घट्ट तपकिरी झालेलं खरवडून घेतात, आणि ग्रॅम न् ग्रॅमचा हिशोब सरकारला द्यायचा.

तर झालं असं, की युरोपात आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांना अफूला एखादा सौम्य पर्याय पाहिजे होता, ज्याची सवय लागणार नाही असा. लेट्यूस फुलोऱ्यावर आलं की त्याचा शेंडा कापला तर असंच दूध येतं, हवेत ते असंच तपकिरी होतं, वास पण थोडा अफूसारखा. म्हणून त्याला नाव पडलं लेट्यूस अफू, औषधाच्या पुस्तकातलं नाव लॅक्टुकॅरियम. खोकल्यावर, झोपेसाठी देत असत. हे बहुतेक लॅक्टुका विरोसा नावाच्या युरोपातल्या दुसऱ्या जातीपासून काढत, आपल्या काटेरी लेट्यूसपासून नाही, आणि सोंचसपासून तर नाहीच नाही. नाव अफूचं पडलं ते दिसण्यावरून आणि वासावरून. आत मॉर्फिन नाही, कोडीन नाही, अफूतलं काहीच नाही. आहेत ते लॅक्टुसिन आणि लॅक्टुकोपिक्रिन नावाचे कडू पदार्थ, तेच जे सॅलडच्या लेट्यूसलाही थोडी कडू चव देतात. उंदरांवरच्या प्रयोगात ह्या पदार्थांनी वेदना थोड्या कमी झाल्या आणि उंदीर सुस्तावले हे खरं आहे, २००६ मध्ये हे छापून आलंय. पण प्रयोगशाळेत शुद्ध पदार्थ मोजून उंदराला देणं वेगळं आणि बिचोलीच्या प्लॉटवरचं कुठलंतरी रोप पातेल्यात उकळून आईंना देणं वेगळं. किती गेलं, काय गेलं, कशाचा हिशोब?

आणि जास्त झालं तर काय होतं ते पण माहीत आहे. २००९ मध्ये इराणच्या डॉक्टरांनी ह्याच विरोसा जातीचं वाइल्ड लेट्यूस खाऊन आलेल्या ८ रुग्णांची हकीकत छापली होती, सगळे बरे झाले, पण दवाखान्यात आले होते ना. तुम्ही लिहिलंय की आईंना बीपीची गोळी चालू आहे आणि कधीकधी झोपेची पण. झोपेच्या गोळीवर आणखी गुंगी आणणारी गोष्ट द्यायची, आणि रात्री त्या बाथरूमला उठल्या आणि तोल गेला तर गुडघा बाजूला राहील आणि खुबा मोडेल. गुडघ्याचं ऑर्थोवाल्यांना दाखवा, व्यायाम विचारा. ऑनलाइन जे वाइल्ड लेट्यूसचे ड्रॉप्स आणि पावडरी मिळतात त्यांचंही तेच, बाटलीवर लिहिलंय म्हणजे आत तेच आहे असं नाही.

हां, लेट्यूस आणि झोप हा संबंध मात्र फार जुना आहे, तो काही व्हिडिओवाल्यांनी शोधलेला नाही. रोमन लोक जेवणाच्या शेवटी लेट्यूस खायचे झोप यावी म्हणून, आणि मजा म्हणजे त्याच्याही आधी इजिप्तमध्ये हेच लेट्यूस मिन नावाच्या देवाला वाहायचे, तो पुरुषत्वाचा आणि पिकाचा देव, त्यांना त्या दुधात झोप दिसली नाही, भलतंच दिसलं. एकच चीक, एकाला झोपवतो, एकाला उठवतो! आपल्याकडे युनानीवाले सॅलडच्या लेट्यूसला काहू म्हणतात, त्याच्या बियांना तुख्मे काहू, तेलाला रोगने काहू, सियागंज बाजारातल्या जुन्या पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीवाल्याकडे, मागितलंत तर बरणी काढून देईल. डोक्याला लावायला, झोपेसाठी हकीम लोक देतात. ते लागवडीच्या लेट्यूसचं बी आहे, त्यांच्या शास्त्रात त्याचं माप ठरलेलं आहे, आणि घ्यायचंच असेल तर शिकलेल्या हकिमाला विचारून, बीपीची गोळी सांगून. प्लॉटवरच्या तणाशी त्याचा काही संबंध जोडू नका.

आता तुमची तिसरी शंका, मागच्या वर्षीचं लेट्यूस जंगली झालं का. प्रश्न अजिबात वेडगळ नाहीये, उलट मला हाच सगळ्यात आवडला. कारण सॅलडचं लेट्यूस हे काटेरी लेट्यूसचंच पोर आहे. दोघांच्या पेशीत १८ गुणसूत्रं, दोघांचा संकर सहज होतो. काकेशस पर्वताच्या आसपास, काही हजार वर्षांपूर्वी माणसानं ह्या काटेरी कडू झाडातून बिनकाट्याचं, पानं भरगच्च देणारं, बी लगेच न सांडणारं असं निवडत निवडत आणलं. आणि तो स्वभाव पूर्ण गेलेला नाही. तुमचं लेट्यूस मार्चमध्ये कडू का झालं असं तुम्ही ओघात लिहिलंय, त्याचं उत्तर इथेच आहे. दिवस मोठा झाला, ऊन वाढलं, की मुळा-कांद्याला जसे डेंगळे येतात तसा लेट्यूसला पण मधून दांडा येतो, पानं लांबट टोकदार होतात, दूध वाढतं, कडू जहर होतं, वर बारीक पिवळी फुलं येतात, आणि एक दिवस तुम्ही बघता तर तुमच्या वाफ्यात हिरव्यागार गड्ड्याच्या जागी त्याचा आजोबा उभा! घाबरू नका, नुसतं म्हातारं झालंय.

तेव्हा तसं एखादं रोप फुलून बी सांडलं असेल तर ह्या वर्षी त्याच वाफ्यात आपोआप उगवू शकतं. पण ते असेल वाफ्यातच, भिंतीच्या फटीत आणि शेजारच्या प्लॉटवर शंभर नसणार. आणि त्याच्या पानाच्या कडेला टोचणारे काटे नसणार. बी हाताशी असेल तर तेही बघा, लेट्यूसच्या बीला एक बारीक लांब चोच असते आणि चोचीच्या टोकाला छत्री, म्हणजे बी खाली लोंबकळतं. सोंचसच्या बीला चोच नाही, कापसाचा झुबका थेट बीच्या डोक्यावर. लहानपणी आपण 'म्हातारी' म्हणून फुंकर मारायचो ना, तसंच, फक्त ही म्हातारी तुमचं काम वाढवते.

बियांचं आणखी थोडं, कारण पुढच्या वर्षी तुम्ही परत लेट्यूस लावणार. लेट्यूसच्या बीला उगवायला बऱ्याच वेळा उजेड लागतो, म्हणून माती टाकून गाडू नका, वर भुरभुरवा, हलकं दाबा, झारीनं पाणी द्या. लाल उजेडानं बी उगवतं आणि लालच्या पलीकडच्या (फार-रेड) उजेडानं ते परत झोपतं हे अमेरिकेच्या शेती खात्यातल्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्याच बियांवर दाखवलं, त्यातूनच पुढे वनस्पती उजेड कसा ओळखतात हे सगळं शास्त्र उघडलं. आणि गरमी जास्त असली की बी रुसतं, तापमान तिशीच्या वर गेलं की बऱ्याच जाती उगवतच नाहीत. म्हणजे इंदुरात दसऱ्याच्या आधी घाई करायची नाही, दिवाळीच्या सुमाराला लावायचं, फेब्रुवारीपर्यंत खाऊन संपवायचं. मार्चमधलं लेट्यूस फक्त फोटोसाठी.

सोंचस खातात का असं कुणीतरी विचारेलच. कोवळी पानं जगात बऱ्याच ठिकाणी खातात, न्यूझीलंडमध्ये माओरी लोक त्याला पूहा म्हणतात आणि आवडीनं शिजवतात. आपल्याकडे ह्याच गोतावळ्यातली पाथरी खातात, ती जमिनीला चिकटून पानांची थाळी पसरते, कडेला पांढरे बारीक दात, बारीक दांड्यावर पिवळी फुलं. माझी आजी खान्देशातून इंदुरात आलेली, रामबागेत राहायची, ती थंडीत नेमानं पाथरी आणायची, बारीक चिरायची, भरपूर लसूण आणि मूठभर भिजवलेली मूगडाळ घालून परतायची, थोडी कडवट लागायची, आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो आणि ती म्हणायची की कडू पोटात जाऊ दे, गोड तर रोजच सराफ्याच्या खाऊगल्लीत खाता. पण ती ओळखून आणायची, आणि शेतातून आणायची. तुमच्या शेजारच्या प्लॉटवर बिल्डरचं सिमेंट, ड्रेनेज, कुत्री, कुणी काय फवारलंय देवाला ठाऊक. तिथलं काही खाऊ नका, मग नाव काहीही निघो.

आता काढायचं कसं. माळ्यानं वरून कापलं म्हणून परत आलं, ह्यात नवल नाही. वरचा शेंडा गेला की खालच्या डोळ्यांतून तीन-चार फुटवे निघतात, एकाच्या जागी चार, आणि तेही बुटके, म्हणजे पुढच्या वेळी कात्रीला लागतही नाहीत. सोंचस वर्षभराचं रोप आहे, बी पडू दिलं नाही आणि मुळासकट निघालं तर खेळ संपला. आपली काळी माती कोरडी असली की दगड होते, ओढलं की मूळ मध्येच तुटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी सोडा, सकाळी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की बुंध्याला दोन बोटांत धरून सरळ वर ओढा, न निघालं तर खुरपी तिरपी घालून मुळाची मान उचला. हातमोजे घाला. ह्या चिकानं काहींच्या हाताला खाज येते, आणि ज्यांना गाजर गवताची ॲलर्जी आहे त्यांनी तर घालाच, कारण दोन्हींतले त्वचेला त्रास देणारे पदार्थ एकाच प्रकारचे असतात. पाथरी असेल तर मात्र मेहनत जास्त, ती बारमाही आहे, धावते आणि जागोजागी मुळं धरते, एकदा काढून भागत नाही.

काढायचं कधी, तर फूल मिटून त्याचा पांढरा झुबका व्हायच्या आत. फूल उघडल्यापासून म्हातारी उडेपर्यंत फार दिवस मिळत नाहीत, एका रविवारी आळस केला की पुढच्या रविवारी वारं तुमचं काम करून गेलेलं असतं. आणि फुललेलं रोप उपटून तिथेच ढिगावर टाकू नका, उपटल्यावरसुद्धा त्या फुलांत बी पिकतं. हे मी पुस्तकातून नाही सांगत. एका बंगल्यावर मी हुशारी करून सोंचसचा फुललेला ढीग कंपोस्टच्या ड्रममध्ये भरला, तीन महिन्यांनी तेच काळंभोर खत त्यांच्या नवीन लॉनवर पसरलं, आणि नोव्हेंबरमध्ये लॉनवर एकसारखी, छान अंतरावर, जणू पेरल्यासारखी सोंचसची रोपं. मालकीणबाई म्हणाल्या, हे कुठलं गवत लावलंत? दोन बायका लावून आठवडाभर निवडून काढलं, पैसे माझ्या खिशातून.

चूक काय होती तर ड्रम. घरगुती ड्रम पुरेसा तापत नाही. ज्या शहरानं जगाला कंपोस्टची रीत दिली तिथला माणूस असून मी हे विसरलो. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर, आणि त्यांच्यासोबत यशवंत वाड, आपला मराठी माणूस, ज्याचं नाव लोक घेत नाहीत. दोघांनी मिळून जी रीत बसवली ती आजही जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. शेतातला सगळा पालापाचोळा, तण, त्यावर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख, थर देत मोठा ढीग, पाणी, आणि मधून मधून ढीग उलथवायचा, तीनेक महिन्यांत खत तयार. तण फेकायचं नाही, हेच तर त्यांचं म्हणणं होतं. पण तो ढीग मोठा असतो, आतून हात घालवणार नाही इतका तापतो, आणि उलथताना कडेचं आत जातं, म्हणून बी मरतं. तुमच्या बाल्कनीतल्या निळ्या ड्रममध्ये ते होत नाही. तेव्हा कोवळं, बिनफुलाचं रोप खुशाल ड्रममध्ये टाका, फुललेलं काळ्या पिशवीत घट्ट बांधून मेच्या उन्हात गच्चीवर ठेवा, नाहीतर कचरागाडीला द्या, ओल्या कचऱ्यात.

फवारणीचं विचारलं नाहीत, पण शेजारी कुणीतरी सुचवणारच. घराच्या बागेत चार-दहा रोपांसाठी तणनाशक म्हणजे डास मारायला बंदूक. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारनं फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरच्या हातूनच वापरायचं असं केलंय. शेतकरी गव्हात पेरणीनंतर ३०-३५ दिवसांनी टू-फोर-डी नावाचं तणनाशक मारतात ते ठीक, पण त्याचा नुसता वारा लागला तरी तुमची टोमॅटो-मिरची वाकडी होतील. आणि ही मंडळी काही साधी नाहीत. अमेरिकेत आयडाहो राज्यात गव्हाच्या शेतात एकाच जातीचं तणनाशक चार-पाच वर्षं मारलं, तर १९८७ मध्ये हेच काटेरी लेट्यूस त्याला दाद देईनासं झालं. त्या गटातल्या औषधाला न मरणाऱ्या जगातल्या पहिल्या नोंदवलेल्या तणांपैकी हे एक. मीठ-व्हिनेगरचे व्हिडिओ पण बघितले असतील, मीठ मातीत टाकलंत तर तण जाईल आणि त्याच्या जागी पुढे काहीच येणार नाही, लेट्यूस पण नाही.

भिंतीच्या फटीतल्या रोपांना उकळतं पाणी घाला, चहा झाल्यावर केटलीत उरतं तेवढं पुरतं. वाफ्यात चार बोटं पालापाचोळा पसरून ठेवा, उजेड लागणाऱ्या बारीक बियांना तेवढा अंधार बस आहे. आणि शेजारच्या प्लॉटच्या मालकाला फोन करून फेब्रुवारीच्या आत एकदा साफ करायला सांगा, नाहीतर तुम्ही आतून उपटत राहाल आणि त्याच्याकडून म्हाताऱ्या येत राहतील.

उद्या सकाळी दहाच्या आत तीन फोटो काढून पाठवा. एक पान उलटं करून मधल्या शिरेचा, एक पान खोडाला जिथे चिकटतं त्या कानांचा, आणि एक न उघडलेल्या कळीचा बाजूनं. फुलाचा नको.